तापाच्या सालचं पोर

रूलॉफच्या फाटकातून आत पाऊल टाकताना दीनाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज बाबा असते तर त्यांनी आपल्याला उभं चिरलं असतं. तिच्या घराच्या फाटकापासून हे फाटक चालत चार मिनिटांवर. पण साठ वर्षांत तिकडचं कुणी इकडे आलं नव्हतं आणि इकडचं कुणी तिकडे गेलं नव्हतं. कारण काय, तर दोन कुरणांमधल्या पाटाचं दार. पावसाळ्यात ते कुणी उघडायचं आणि कुणी बंद करायचं, यावरून तिचे वडील आणि तेव्हा विशीत असलेला रूलॉफ चिखलात उभे राहून एकदा भांडले, ते भांडलेच. पाट केव्हाच बुजला. भांडण मात्र दोन्ही घरांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. क्वाटाच्या रस्त्यावर दूध घेऊन जाणाऱ्या दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर गाडीवाले एकमेकांकडे न बघता बैलांकडे बघत. पुढे मोटारी आल्या, तरी बघायची तऱ्हा तीच राहिली.

आणि आता रूलॉफच्या नातवाने, एव्हर्टने, दीनाची भाची आलेइडा हिला मागणी घातली होती.

"या, या. फाटक चावत नाही," पायरीवर उभा असलेला रूलॉफ म्हणाला. ऐंशी वर्षांचा, काठीसारखा ताठ, रविवारचा पांढरा सदरा गळ्यापर्यंत लावलेला. त्याची नजर पाहुण्यांवरून फिरली आणि दीनाच्या काखेतल्या गुंडाळीवर थांबली. "आणलास?"

"आणलाय."

गुंडाळी म्हणजे ही दोन्ही घरं ज्यातली, त्या फान ब्रेंक घराण्याचा वंशवृक्ष. पेंडीच्या दुकानात मिळणाऱ्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, चिकटवून, दीनाने अकरा वर्षं तो लिहीत आणला होता. येत्या शनिवारी ग्रोनिंगेनला, सारामाक्का नदीच्या काठी, सगळी शेतकरी घराणी जमायची होती. हॉलंडहून पहिली जहाजं तिथे लागली त्याला एकशे पंचवीस वर्षं होत होती. ज्याने त्याने आपापला वंशवृक्ष टांगायचा, आणि प्रत्येक घराण्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने तापाच्या साली, म्हणजे त्या पहिल्याच वर्षी, गेलेल्यांच्या दगडावर फुलांचं चक्र वाहायचं. फान ब्रेंकांमध्ये तो मान रूलॉफचा. त्यासाठी त्याने पारामारिबोहून नवे बूट आणवले होते आणि महिनाभर ते घरात घालून तो चालायची सवय करत होता.

जेवायच्या टेबलावर एव्हर्टच्या आईने, कॉरीने, भट्टीतून काढलेला पोम ठेवला. वरचा कंदाचा थर खरपूस झाला होता, खाली कोंबडी. शेजारी तपकिरी बीन्स, भात आणि आल्याच्या सरबताचा जग. एव्हर्टचे वडील निकेरीच्या भातगिरणीत कामाला होते. आपले वडील ठरवतील ते मान्य, असा निरोप पाठवून त्यांनी अंग काढून घेतलं होतं.

"यान्ना, पोम घे की अजून. कोंबडी घरची आहे," कॉरी म्हणाली.

"पुरे. पोट भरलं," दीनाची भावजय यान्ना म्हणाली. तिच्या ताटातली कोंबडी होती तशीच होती.

तिचा नवरा हारमेन, म्हणजे दीनाचा थोरला भाऊ, मात्र दुसऱ्यांदा वाढून घेत होता. बायकोची नजर पडताच त्याने चमचा अर्ध्यावर थांबवला.

"हे बघा," रूलॉफने हात पुसले, "भिजत घोंगडं ठेवण्यात अर्थ नाही. मला तर ह्या लग्नात काही वावगं दिसत नाही. पोरगी फान ब्रेंक, पोरगा फान ब्रेंक. दारावरची पाटीसुद्धा बदलायला नको. आपण म्हाताऱ्यांनी जे फाडलं ते पोरं शिवतायत, तर शिवू द्या."

हारमेन हसला. यान्ना हसली नाही, म्हणून तोही थांबला.

"तुम्हाला वावगं दिसत नाही, कारण तुम्ही ते दोन वर्षं मांडीवर घेऊन बसला नाहीत," यान्ना म्हणाली.

ती कशाबद्दल बोलते आहे हे विचारायची गरज कुणालाच नव्हती. फान ब्रेंकांच्या घरात एक रोग होता. पोर चांगलं गुटगुटीत जन्माला यायचं, चालायला लागायचं, आणि दोन वर्षांचं झालं की बसायचं. मग पाय जात, मग हात, आणि चौथ्या वर्षी छातीत श्वास ओढायची ताकदही उरत नसे. यान्नाचा वाउटर तसा गेला होता, सतरा वर्षांपूर्वी. त्याच्या आधीही त्या घरात सहा पोरं तशीच गेली होती. दीनाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे छोटे क्रूस होते. पारामारिबोच्या डॉक्टरने तेव्हा यान्नाला आणि हारमेनला समोर बसवून सांगितलं होतं : आईबाप दोघेही एकाच रक्ताचे असले की पोराला धोका. एकच जण त्या रक्ताचा असेल तर काही होत नाही. यान्नाचं माहेरही फान ब्रेंकच. त्या दिवसापासून तिने स्वतःला माफ केलं नव्हतं आणि हारमेनलाही.

"अगं पण ते तुमच्या टोनिसच्या घरात," रूलॉफ म्हणाला. "आमच्या आल्बर्टच्या घरात एकालाही कधी झालं नाही."

"होईल कसं? तुम्ही सगळ्या सुना बाहेरून आणल्यात. रक्त आत आहेच, नुसतं झोपलंय. जहाजावरून आलेले टोनिस आणि आल्बर्ट सख्खे भाऊ ना? मग? आता माझी पोरगी तुमच्याकडे पाठवा म्हणजे ते जागं होईल."

"यान्ना, हळू," हारमेन म्हणाला.

"हळू कशाला? एवढीशी पेटी उचलायला चार माणसं लागत नाहीत, माहीत आहे ना? तू एकट्याने उचललीस. काखेत धरून नेलीस."

हारमेनने चमचा खाली ठेवला.

इतका वेळ गप्प असलेला एव्हर्ट पुढे सरकला. गडी चांगला होता. नांगरासारखा सरळ आणि बोलण्यात तितकाच बेताचा. "यान्नामावशी, आम्ही ठरवलंय. मूल नको. झालंच नाही तर भीती कशाची? आम्ही दोघं पुरे आहोत एकमेकांना."

दीनाने आलेइडाकडे पाहिलं. पोरीचा रंग उतरला होता. तिने पाण्याचा पेला उचलला, ओठांना लावला आणि न पिता खाली ठेवला. गुरुवारी सकाळी दुधाच्या खोलीत, कॅनच्या रांगेमागे, हीच पोरगी दीनाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली होती, "आत्या, तीन महिने झाले. एव्हर्टला अजून सांगितलं नाही. आईला कळलं तर ती मरेल गं." दीनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. वास्तविक तेव्हाच तिच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं. बुधवारीच ते तिच्या हाती लागलं होतं. पण ते फक्त आलेइडाचं नव्हतं. ज्याचं होतं त्याच्या कानावर ते आधी घालायला हवं होतं, आणि तो माणूस टेबलाच्या टोकाला नवे बूट घालून बसला होता.

"रूलॉफ," ती उठली, "गोठ्यात चला जरा. मला तुमच्या गाई बघायच्यात."

"साठ वर्षांनी आलीस ती गाई बघायला?"

"हो. चला."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, म्हातारा मुकाट्याने उठला.

गोठ्यात दुपारच्या धारांची वेळ व्हायची होती. गाई सावलीत रवंथ करत उभ्या होत्या. दीनाने झग्याच्या खिशातून घडी केलेले दोन कागद काढले.

"चष्मा आत राहिला," रूलॉफ म्हणाला. "वाच."

"हे चर्चच्या पुरल्याच्या वहीतून उतरवलंय. 'आल्बर्ट फान ब्रेंक, वय पाच. तापाने गेला. एकोणीस ऑगस्ट, अठराशे पंचेचाळीस.'"

"आमचा आल्बर्ट? माझा आजा? तो पासष्ट वर्षांचा होऊन मेला. मी पंधराचा होतो, मी त्याला खांदा दिलाय. वही चुकली असेल."

"मलाही तेच वाटलं. दोन आठवडे मी त्या ओळीला शिव्या घातल्या. मग बुधवारी चर्चच्या कपाटात तळाला शाळामास्तराची वही मिळाली, वाळवीने कडा खाल्लेली. जहाजावरून आलेल्यांपैकी निम्मे पहिल्या काही महिन्यांतच गेले, तुम्हाला ठाऊक आहे. मागे राहिलेली पोरं घराघरांत वाटून दिली, त्याची यादी आहे त्यात." तिने दुसरा कागद उलगडला. "'विधवा लॉइटेन आज गेली. तिचा मुलगा, वय पाच, फान ब्रेंकांनी नेला. त्यांचा आल्बर्ट गेल्या महिन्यात गेला. ह्यालाही ते आल्बर्टच म्हणणार आहेत.'"

चष्मा नसतानाही रूलॉफने तो कागद घेऊन डोळ्यांजवळ धरला.

यात कुणाला लबाडी दिसली असती तर ती बाहेरच्या माणसाला. दीनाला दिसली नाही. मेलेल्या पोराचं नाव पुढच्या पोराला द्यायचं ही ह्या लोकांची पिढीजात रीत. तिच्या कागदावर एकाच आईच्या पदरात तीन-तीन विलेम होते, दोन क्रूसवाले आणि एक जगलेला. नदीकाठच्या त्या फान ब्रेंक बाईनेही तेच केलं होतं, फक्त तिचं पुढचं पोर दुसऱ्याच्या पोटचं होतं. घरच्या बायबलात आल्बर्टच्या जन्माची ओळ होती, ती कुणी खोडली नाही; नवा मुलगा त्याच ओळीत राहायला आला. फसवायचं म्हटलं तरी फसवायला माणूस उरला होता कोण?

"खोटं आहे," रूलॉफ म्हणाला.

"असेल. तुम्ही सांगा. तुम्ही त्यांना पाहिलंय, मी नाही."

म्हातारा गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग तो बोलू लागला, दीनाला उद्देशून नसावं असं. "दर सप्टेंबरात तो होडी करून सारामाक्काला जायचा. एकटाच. एकदा हट्ट करून मी गेलो बरोबर. दगडापाशी थांबलाच नाही तो. पार झाडीच्या कोपऱ्यात गेला, खिशातून पावाचा तुकडा काढला आणि तिथे मातीवर ठेवला. मी म्हटलं, ओपा, आपली माणसं तिकडे आहेत. तो म्हणाला, तिकडेही आहेत. घरी येऊन मी सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झालाय."

"विधवा लॉइटेन तीन सप्टेंबरला गेली," दीना हळूच म्हणाली. "तारीख आहे वहीत."

"त्या पोराचं नाव काय होतं? आधीचं?"

"लिहिलेलं नाही. सगळीकडे शोधलं. त्या जहाजाच्या यादीचं ते पानच नाही."

"म्हणजे मी फान ब्रेंक नाही."

"रक्ताने नाही."

"ऐंशी वर्षं मी…" त्याने ते वाक्य सोडून दिलं. दीनाला वाटलं, आता हा चिडेल, कागद फाडेल, तिला आणि तिच्या बापाला उद्धरेल. तिची तशी तयारी होती. घरून निघताना तिने ठरवलं होतं की शिव्या खाल्ल्या तरी चालतील, पण हा माणूस मोडला तर आपल्याच्याने बघवणार नाही. पण रूलॉफने भलताच प्रश्न विचारला.

"मग तो रोग… आमच्यात नाहीच?"

"यायला वाटच नाही. आणि आपल्या दोन घरांत मधे कधी सोयरीकही झाली नाही."

रूलॉफ धारेच्या तिपाईवर बसला. "दीने," तो म्हणाला, "मला अकरा नातवंडं आहेत."

"माहीत आहे."

"दर रविवारी मी त्यांना अंगणात पळायला लावायचो. पहिल्याला गोळी. सगळे म्हणायचे, रूलॉफला पोरांच्या शर्यतींचं वेड आहे. वेड कसलं! मी त्यांचे पाय बघायचो. कोण मागे पडतंय, कोण अडखळतंय. मुलांच्या वेळेला तसंच, नातवंडांच्या वेळेला तसंच. तुमच्याकडे एक पेटी निघाली की मी रात्रभर जागा असायचो. लोकांना म्हणायचो, आल्बर्टच्या घरात नाही तो रोग. स्वतःला कधी पटवता आलं नाही. पन्नास वर्षं गं. कॉरीलासुद्धा सांगितलं नाही कधी." आणि तो रडायला लागला, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, लाज न धरता. दीनाने पदराचा नसला तरी झग्याचा कोपरा पुढे केला. त्यालाही त्याने नाही म्हटलं नाही. तिला स्वतःलाच इतकं हलकं वाटत होतं, की त्याच्या शेजारी शेणातच बसावंसं वाटलं.

"भांडण झालं नसतं तर," डोळे पुसत तो म्हणाला, "तुझी एखादी आत्या आमच्याकडे आली असती."

"आली असती. आणि मग ही वही असून नसून सारखी."

"म्हणजे तुझ्या बापाचे उपकार मानायचे म्हणतेस?"

"मानायचे तर माना."

"मेलो तरी नाही," रूलॉफ म्हणाला आणि उठला. "चल. मी सांगतो त्यांना. माझा आजा आहे, मीच सांगणार."

त्याने सांगितलं, उभ्यानेच, टेबलाची कड धरून. पाव ठेवण्याची गोष्टसुद्धा सांगितली. कॉरीने मध्येच "अगंबाई" म्हणून तोंडावर हात ठेवला आणि मग तिला कुणी बोलू दिलं नाही.

यान्ना मात्र बाजारात मासळी निवडावी तसा एकेक मुद्दा उलटून पालटून बघत होती. "आल्बर्ट परका. बरं. त्याची बायको?"

"डेमेराराची, इंग्रजाची पोर," दीना म्हणाली. "रूलॉफच्या आईचे आईबाप झेलांडहून आलेले, मी त्यांची कागदपत्रं पाहिलीत. रूलॉफची बायको पारामारिबोच्या घड्याळवाल्याची."

"आणि मी निकेरीची, माझा बाप स्कॉट," कॉरीने घुसून सांगितलं. "माझ्यात काही असेल तर फक्त दारू."

"दीना, इकडे बघ. माझ्याकडे बघून सांग. तू मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

"यान्ना, सतरा वर्षांत तुला बरं वाटावं म्हणून मी एकदा तरी काही सांगितलंय?"

"नाही," यान्नाने कबूल केलं. "तू तशी नाहीस." तिने दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. "उद्या मी डॉक्टरकडे जाणार. हे दोन्ही कागद घेऊन. त्याच्या तोंडून ऐकणार."

"मीही येतो," हारमेन म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत तो बायकोबरोबर कुठे आपण होऊन निघाला नव्हता. यान्नाने मान हलवली. ये, असंच तिला म्हणायचं असावं.

मग ती लेकीकडे वळली. "लेई, किती महिने?"

"काय किती महिने?" एव्हर्टने विचारलं.

"तीन," आलेइडा म्हणाली.

एव्हर्ट उठला तो आल्याच्या सरबताचा जग घेऊनच. टेबल, भात, रूलॉफचे नवे बूट, सगळीकडे सरबत. "तीन? म्हणजे… लेई! मला का नाही…" आणि मग त्याने भिजलेल्या हातांनी आधी आलेइडाला मिठी मारली, मग आईला, मग चुकून हारमेनला.

"आई, तुला कसं कळलं?"

"पोटची पोर महिनाभर दुधाचा वास आला की तोंडाला फडकं लावून पळते, आणि आईला कळत नाही? कळलं म्हणून तर…" तिने नाक ओढलं. "रोज मोजत होते मी. आज इतके दिवस, आज इतके. देवाला म्हणत होते, मला ने पण पुन्हा ते दाखवू नको."

आलेइडा उठून आईजवळ गेली. यान्नाने तिला जवळ घेतलं नाही, आधी तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. हारमेन खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"दीने, तो कागद उघड," भिजलेले बूट काढून बाजूला ठेवत रूलॉफ म्हणाला. "आल्बर्टच्या ओळीशेजारी लिही, विधवा लॉइटेनचा मुलगा. मोठ्या अक्षरात. शनिवारी फुलांचं चक्र हारमेन वाहील. मान त्याचा आहे. मला त्या झाडीच्या कोपऱ्यात जायचंय. वाट माझ्या लक्षात आहे."

"एकटे?" एव्हर्टने विचारलं.

"एकटा कशाला? ज्याला यायचं त्याने यावं. पाव मात्र घरचा घ्या." त्याने टेबलावरून नजर फिरवली, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला शोभणार नाही अशा उत्साहाने म्हणाला, "आणि यान्ना, मुलगा झाला तर वाउटर ठेवू. तुझ्या वाउटरचं नाव चालेल पुढे. आपली रीतच आहे."

त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, हे सगळ्यांना कळत होतं. हारमेननेही मान डोलावली. दीनाच्या हातातली पेन्सिल कागदावर थांबली.

"नाही," यान्ना म्हणाली. तिचा हात अजून लेकीच्या पोटावर होता आणि आवाजात राग नव्हता. "माझा वाउटर एकच होता. ह्याला त्याचं स्वतःचं नाव द्या."